कर्करोगानंतर मुखाची पुनर्घडण



माणसाच्या शरीराचे बहुतेक अवयव वस्त्राखाली झाकता येतात. चेहरा मात्र झाकता येत नाही. चेहऱ्याने माणूस ओळखला जातो, आणि मुखाने तो जेवतो, बोलतो, हसतो, घरच्यांना हाक मारतो. म्हणूनच तोंडाचा कर्करोग झाला असून गाल, जीभ किंवा जबड्याचा भाग काढून टाकावा लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले म्हणजे पुष्कळ रोग्यांना मरणापेक्षाही विद्रूपतेचे भय अधिक वाटते. ‘असे तोंड घेऊन चार लोकांत वावरू कसा?’ हा प्रश्न ते उघडपणे विचारीत नाहीत. पण त्याच प्रश्नापायी शस्त्रक्रिया नाकारतात. मग कोणी काढ्याच्या, कोणी लेपाच्या, कोणी मंतरलेल्या दोऱ्याच्या मागे लागतो. दोनचार महिन्यांनी तो परत येतो तेव्हा रोग गालातून हाडात आणि हाडातून मानेत उतरलेला असतो.

ह्या भीतीला उत्तर देणे हा आजच्या भाषणाचा हेतू आहे. काढून टाकलेला भाग पुन्हा घडविण्याची विद्या आता फार पुढे गेली आहे, आणि ती कर्करोगाच्या उपचाराचाच एक आवश्यक भाग बनली आहे. ती काय करू शकते आणि काय करू शकत नाही, ह्या दोन्ही गोष्टी रोग्याला व त्याच्या घरच्यांना ठाऊक असल्या, तर शस्त्रक्रियेचा निर्णय वेळेवर घेता येतो.

हा रोग आपल्यापासून दूर नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणे भारतात ओठ व तोंड ह्यांच्या कर्करोगाचे एका वर्षात सुमारे १ लाख ४० हजार नवे रोगी झाले, आणि भारतीय पुरुषांत इतर कोणत्याही कर्करोगापेक्षा ह्याचेच प्रमाण अधिक आढळले. तंबाखूची चिमूट गालात धरून ठेवणे, गुटखा, सुपारी, विडी, मद्य ही त्याची मुख्य कारणे होत. स्त्रियांत दातांना मिश्री लावण्याची चाल अजून पुष्कळ घरांत आहे. ती मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. नुसती सुपारी निरुपद्रवी असते अशी अनेकांची समजूत आहे. परंतु वर सांगितलेल्या संस्थेने २००४ साली सुपारीचीही गणना कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली.

विषय नीट समजावा म्हणून एक उदाहरण कल्पू. समजा, बेळगावच्या बाजारपेठेतील पन्नाशीचा एक दुकानदार आहे. तीस वर्षे तो उजव्या गालात तंबाखू धरीत आला आहे. खालच्या हिरडीवर झालेला व्रण महिना उलटून गेला तरी भरत नाही. दात हलू लागले आहेत. तपासणीअंती तो कर्करोग ठरतो, आणि तो जबड्याच्या हाडात शिरला आहे असे दिसते. शल्यचिकित्सकाला आता काय करावे लागेल? केवळ व्रण काढून भागत नाही. कर्करोगाची मुळे डोळ्यांना दिसतात त्याहून दूरवर पसरलेली असू शकतात. म्हणून सभोवतालचा सुमारे एक सेंटिमीटरभर निरोगी दिसणारा भागही त्याबरोबर काढावा लागतो. ह्या गृहस्थाच्या बाबतीत हिरडी, गालाचे आतील अस्तर, जबड्याच्या हाडाचा तुकडा आणि मानेतील गाठी इतके सारे काढणे भाग आहे.

एवढे काढल्यावर उरलेली जागा नुसती शिवून टाकली तर काय होईल? जबड्याचे उरलेले टोक आत ओढले जाऊन वरचे व खालचे दात जुळेनासे होतात. हनुवटीचे हाड गेले असेल तर जिभेचा आधार नाहीसा होऊन ती मागे पडते, ओठ मिटत नाहीत आणि लाळ अखंड गळत राहते. ह्याहून मोठा धोका म्हणजे तोंडातील लाळ मानेच्या जखमेत झिरपते. मानेत मेंदूकडे रक्त नेणारी मोठी धमनी असते. तिच्याभोवती लाळ साचून कुजवण झाली तर ती धमनी फुटू शकते. शिवाय, अशा रोग्याला शस्त्रक्रियेनंतर बहुधा किरणोपचार द्यावा लागतो, आणि तो साधारणतः सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा लागतो. जखम भरली नाही तर तो लांबणीवर पडतो आणि रोग उलटण्याची भीती वाढते. ह्यावरून ध्यानात येईल की पुनर्घडण हा हौसेचा सोहळा नव्हे. तिच्यावाचून पुढचा उपचारच खोळंबतो. खड्डा भरून काढण्याची खात्री असल्यामुळेच शल्यचिकित्सक रोग मुळापासून काढण्याचे धाडस करू शकतो, हाही तिचा एक लाभ आहे.

पूर्वी ही सोय नव्हती. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड ह्यांच्या टाळूवर १८९३ साली गाठ उद्भवली. देशावर आर्थिक संकट आलेले असल्यामुळे ही बातमी फुटू नये म्हणून ‘ओनीडा’ नावाच्या नौकेवर १ जुलै रोजी गुप्तपणे शस्त्रक्रिया करण्यात आली व त्यांच्या वरच्या जबड्याचा डावा भाग काढण्यात आला. टाळूला पडलेले भोक बुजविण्यासाठी दंतवैद्याने कठीण रबराचे बूच तयार केले, आणि ते बसविल्यावर त्यांना पूर्वीसारखे बोलता येऊ लागले. खरी हकीकत जगाला कळली ती १९१७ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. उलटपक्षी, विख्यात मानसशास्त्रज्ञ सिग्मंड फ्रॉइड ह्यांच्या टाळूवर व जबड्यावर १९२३ पासून तीसांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. त्यांनाही कृत्रिम टाळू बसवावी लागली. पण ती कधी सैल होई, कधी रुते, आणि १९३९ साली मृत्यू येईपर्यंत तिने त्यांना छळले. वरच्या जबड्याच्या लहान छिद्रासाठी अशी कृत्रिम पट्टी आजही चांगला उपयोग देते. परंतु गेलेला गाल, जीभ किंवा खालचा जबडा पट्टीने भरून निघत नाही. तेथे जिवंत मांसच हवे, आणि ते रोग्याच्या स्वतःच्याच शरीरातून घ्यावे लागते.

ह्या कल्पनेचे मूळ भारतात आहे, आणि तिच्या इतिहासातील एक सोनेरी पान पुण्याचे आहे. सुश्रुतसंहितेत कापलेले नाक गालाच्या कातडीने पुन्हा घडविण्याची रीत सांगितलेली आहे. ही विद्या पुढे पुस्तकांतून मागे पडली, तरी कारागिरांच्या घराण्यांतून चालत राहिली. कावसजी नावाचा एक गाडीवान इंग्रजांच्या फौजेत बैल हाकीत असे. १७९२ च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळ विटा भाजणाऱ्यांच्या जातीतील एका कारागिराने त्याचे नाक घडविले. मेणाचा नमुना करून तो कपाळावर सपाट पसरला, त्याच्या कडेने खूण केली, तेवढी कातडी सोडवली. पण दोन डोळ्यांच्या मधला अरुंद पट्टा तसाच जोडलेला ठेवला. मग कातडी खाली फिरवून नाकाच्या जागी बसविली आणि वर काथात भिजविलेल्या कापडाच्या पट्ट्या लावल्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी, नवी जागा रुजल्यावर, मधला पट्टा तोडला. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती. तिची हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह छापली गेली. ती वाचून जोसेफ कार्प्यू ह्या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८१४ साली तशीच शस्त्रक्रिया केली. त्या कारागिराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

मधला पट्टा जोडलेला ठेवण्यात सारे मर्म आहे. कोकणात व गोव्यात आंब्याची भेटकलमे बांधणाऱ्यांना ते चटकन उमजेल. भेटकलमात मूळ झाडाची फांदी न तोडता ती रोपाला भेटवून बांधतात. रोपाकडून रस मिळू लागला की मगच ती मूळ झाडापासून तोडतात. शरीराच्या कातडीचेही तसेच आहे. तिला रक्त पुरविणारा देठ शाबूत असेल तर ती नव्या जागी जगते. देठ तुटला तर वाळून जाते. अशा देठासह उचललेल्या कातडीला वा मांसाला डॉक्टर ‘फ्लॅप’ म्हणतात.

पुण्याच्या कारागिराची युक्ती कापलेल्या नाकासाठी होती. परंतु तिचेच तत्त्व पुढे कर्करोगाच्या कामी आले. १९६३ साली स्कॉटलंडच्या इयन मॅग्रेगर ह्यांनी कपाळाची कातडी देठासह वळवून तोंडाच्या आतली जागा भरून काढली. १९६५ साली अमेरिकेतील बाकामजियन ह्यांनी छाती व खांदा ह्यांवरील कातडी मानेपर्यंत आणली. ह्या पद्धतींनी हजारो रोग्यांची सोय झाली. परंतु कपाळावर कायमचा व्रण राही, आणि काम बहुधा दोन टप्प्यांत करावे लागे. १९७९ साली अमेरिकेतीलच स्टीफन अरियन ह्यांनी छातीचा मोठा स्नायू वापरण्याची रीत प्रसिद्ध केली. ह्या स्नायूला रक्त देणारी धमनी गळ्याच्या हाडाच्या मध्याखालून निघते. स्नायू व त्यावरील कातडीचा तुकडा ह्या धमनीसह मोकळा करून मानेच्या कातडीखालून वर तोंडात नेता येतो. काम एकाच वेळी पुरे होते, फार वेळ लागत नाही, आणि मानेतील मोठ्या धमनीवर मांसाचे पांघरूण बसते. भारतात, जेथे रोगी पुष्कळ आणि शस्त्रक्रियागृहे अपुरी, तेथे ही रीत आजही फार उपयोगी पडते. तिचे काही दोषही आहेत. मांस जाड असते, मान ओढल्यासारखी वाटते, आणि पुरुषाच्या छातीची कातडी असल्यामुळे तोंडात केस उगवू शकतात. शिवाय तिच्याने हाड मिळत नाही.

देठ जितका लांब तितकीच मजल, ही फ्लॅपची मर्यादा होती. ती ओलांडायची तर देठ तोडून नव्या जागच्या रक्तवाहिन्यांशी पुन्हा जोडायला हवा. पण ह्या वाहिन्या दोनतीन मिलिमीटर रुंदीच्या. त्या नुसत्या डोळ्यांनी शिवायच्या कशा? १९६० साली अमेरिकेत जेकबसन व स्वारेझ ह्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली अशा बारीक वाहिन्या जोडून दाखविल्या. १९७३ साली ऑस्ट्रेलियातील डॅनियल व टेलर ह्यांनी पूर्णपणे सुटा केलेला कातडीचा तुकडा दूरच्या जागी यशस्वीपणे रुजविल्याचे प्रसिद्ध केले. हे कोयकलमासारखे झाले. त्यात काडी मूळ झाडापासून तोडूनच आणतात. परंतु आंब्याची काडी काही दिवस धीर धरते. मांसाला मात्र काही तासांच्या आतच रक्त मिळावे लागते.

आता आपल्या दुकानदाराकडे वळू. त्याला हाड हवे आहे, आणि ते त्याच्याच पायात आहे. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन हाडे असतात. नडगीचे जाड हाड शरीराचा भार पेलते. तिच्या बाहेरच्या अंगाला दुसरे एक लांब, बारीक हाड असते, त्यावर भार थोडाच पडतो. त्याची वरची व खालची टोके जागेवर ठेवून मधला वीसएक सेंटिमीटरचा भाग काढून घेतला तरी गुडघा व घोटा स्थिर राहतात. १९७५ साली टेलर ह्यांनी हे हाड रक्तवाहिन्यांसह हलवून मोडलेल्या पायासाठी वापरले. १९८९ साली न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो ह्यांनी त्यापासून खालचा जबडा घडविण्याची रीत मांडली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी दोन तुकड्या एकाच वेळी काम करतात. एक तुकडी तोंडातील रोग व मानेतील गाठी काढते. दुसरी पायातील हाड, त्यावरचे थोडे मांस आणि कातडीचा एक तुकडा धमनी व शिरांसह मोकळा करते. जबडा वळणदार आणि पायाचे हाड सरळ. म्हणून सुतार जसा चौकटीच्या कोपऱ्यावर तिरका काप घेतो, तसे हाडाला पाचरीसारखे काप देऊन त्यास जबड्याचे वळण आणतात व टायटॅनियम धातूच्या पट्टीने ते बसवितात. हे काप कोठे द्यावेत हे आता पुष्कळ ठिकाणी आधीच संगणकावर ठरविलेले असते. मग सूक्ष्मदर्शक पुढे येतो. गाठी काढण्यासाठी मान उघडलेलीच असते. तेथील एक धमनी व एकदोन शिरा निवडून त्यांना पायाच्या वाहिन्यांची तोंडे केसाहून बारीक धाग्याने शिवतात. चिमटे सोडले म्हणजे रक्त वाहू लागते आणि फिकी पडलेली कातडी गुलाबी होते. सारे काम आटोपण्यास आठदहा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो.

खरी कसोटी पुढच्या दोनतीन दिवसांची. रात्रीच्या पाळीची परिचारिका तासातासाला तोंडातील नवी कातडी पाहते. ती पांढरी व थंड पडली तर धमनी तुंबली. निळसर होऊन सुजली तर शीर तुंबली. सुईच्या टोचण्याने लालभडक रक्त आले तर सर्व ठीक. संशय आला की रोग्याला मध्यरात्रीही पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. काही तासांत गुठळी काढली तर मांस वाचते. अनुभवी रुग्णालयांत अशा शंभर शस्त्रक्रियांपैकी पंचाण्णव किंवा अधिक यशस्वी होतात. त्या यशात शल्यचिकित्सकाच्या हाताइतकाच त्या जागत्या परिचारिकेच्या डोळ्यांचा वाटा असतो.

जिभेचे दुखणे वेगळे. तिला हाड नको. पातळ, मऊ, वळेल अशी कातडी हवी. ती मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूस मिळते. ही रीत चिनी शल्यचिकित्सकांनी १९८१ साली प्रसिद्ध केली. हाताच्या पंजाला दोन धमन्या रक्त देतात. एक काढून घेतल्यावर दुसरी पंजाला पुरेल की नाही, हे आधी तपासतात. बहुधा डावा हात निवडतात, आणि हातावरची उघडी जागा मांडीच्या कातडीने झाकतात.

परंतु येथे भोळी आशा बाळगू नये. जीभ ही अनेक स्नायूंची विणलेली वेणी आहे. कातडीच्या तुकड्याला ती विद्या येत नाही. नवा भाग स्वतः हलत नाही, त्याला चव कळत नाही. उरलेल्या जिभेने त्याला आपल्याबरोबर वागवायचे असते. म्हणून शिक्षण घ्यावे लागते, अगदी बालवर्गातल्यासारखे. प, ब, म ही ओठांवरची अक्षरे लवकर साधतात. त, द ह्यांना जिभेचे टोक दातांशी न्यावे लागते. ट, ण, ळ ह्यांसाठी ते टाळूकडे वळवावे लागते आणि तेथे मोठा घाम गाळावा लागतो. ‘बाबा’ म्हणणाऱ्या रोग्याला ‘बाळ’ म्हणण्यासाठी आणखी बरेच दिवस आरशापुढे बसावे लागते. गिळण्याचेही तसेच. आरंभी नाकातल्या नळीने पेज, दूध, वरणाचे पाणी. श्वासासाठी काही दिवस गळ्याला नळी. मग हळूहळू घट्ट पातळसर अन्न, मऊ भात. किरणोपचाराने तोंड कोरडे पडते, जबडा आखडतो. म्हणून तोंड उघडण्याचा व्यायाम महिनोन्‌महिने चालू ठेवावा लागतो. पायाचे हाड दिलेला माणूस काही दिवसांत आधाराने चालू लागतो, तरी घोट्याचा ताठरपणा काही जणांना जाणवत राहतो. पुढे, प्रकृती व किरणोपचार ह्यांचा विचार करून, त्या हाडात कृत्रिम दातांची मुळे बसविता येतात. पण ते सर्वांनाच शक्य होत नाही.

चेहरा पूर्वीसारखा हुबेहूब होत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. व्रणाची रेघ राहते, गाल थोडा फुगीर किंवा बसका दिसतो. परंतु ओठ मिटतात, लाळ आवरते, घास गिळता येतो, बोललेले समजते. आणि ह्या चार गोष्टी परत आल्या की माणूस दुकानात बसू शकतो, फळ्यापुढे उभा राहू शकतो, पंक्तीत जेवू शकतो.

पंक्तीत जेवू शकतो खरा. पण त्याला पंक्तीला बोलावतो कोण? येथे डॉक्टरांचे काम संपते आणि आपले सुरू होते. हा रोग उष्ट्याने किंवा स्पर्शाने पसरत नाही; तरी पुष्कळ घरांत रोग्याचे ताट निराळे काढतात, लहान मुलांना जवळ जाऊ देत नाहीत. तो बोलू लागला की त्याचे वाक्य दुसराच कोणी पुरे करतो. दयेपोटी केलेल्या ह्या गोष्टींनी तो अधिकच मुका होतो. त्याला जेवायला दुप्पट वेळ लागतो तर दुप्पट वेळ त्याच्याजवळ बसावे. शब्द कळला नाही तर न संकोचता पुन्हा विचारावा. जिवंत मांस डॉक्टर रुजवितात. माणसाला माणसांत रुजविण्याचे काम शेजाऱ्यापाजाऱ्यांचे व सोयऱ्याधायऱ्यांचे आहे.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. तोंडातील व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, पांढरा वा लाल चट्टा उठला, विनाकारण दात हलू लागले, मानेत गाठ लागली, किंवा तोंड पूर्वीइतके उघडेनासे झाले, तर विलंब न लावता तपासून घ्यावे. व्रण लहान असताना काढावे लागते थोडे आणि घडवावे लागतेही थोडे. दुसरे असे, की शस्त्रक्रिया ठरली तर रोग्याने व त्याच्या नातलगांनी डॉक्टरांना निःसंकोचपणे विचारावे: काय काढणार, त्या जागी कोठले मांस बसविणार, बोलणे व गिळणे कितपत परत येईल, आणि त्याचे शिक्षण कोण देईल? खर्चाची विवंचना असेल तर शासकीय आरोग्ययोजनांची चौकशी रुग्णालयातील समाजसेवकाकडे आधीच करावी. ही उत्तरे हाती आली म्हणजे अंधारातली भीती पुष्कळशी निवळते, आणि ज्या निर्णयाला महिने लागले असते तो आठवड्यात घेता येतो. ह्या रोगात वाचलेला प्रत्येक आठवडा मोलाचा असतो.